तीन मूर्खांपैकी एक

ग्रोझ्नी शहरात एक स्मारक आहे. तीन माणसं, एकमेकांना चिकटून. एक रशियन, निकोलाय गिकालो. एक इंगुश, गापुर आखरीएव. आणि एक चेचेन, अस्लनबेक शेरिपोव. १९७३ साली सोव्हिएत सरकारने ते उभं केलं. वेगवेगळ्या लोकांची दोस्ती, असा त्याचा अर्थ सरकारने लावून दिला. लोकांनी आपला अर्थ लावला. पुढे जे दिवस आले त्यात त्या चौकाला लोक ‘तीन मूर्ख’ म्हणू लागले. कुठे भेटायचं? तीन मूर्खांपाशी.

मला त्या चेचेन मूर्खाबद्दल बोलायचंय.

तो बावीस वर्षांचा होऊन मेला. त्याआधी त्याने गाणी जमवली, लेख लिहिले, भाषणं केली आणि बंदूक घेतली. आपल्याकडच्या मंडळींना ही गोष्ट सांगितली की लगेच डोळे चमकतात. लेखणी टाकली, बंदूक घेतली! वा! मग चहा येतो आणि आपण सगळे तासभर क्रांतिकारक होतो. मीही होतो. पण हा माणूस तेवढ्यावर मला सोडत नाही. कारण ज्या सत्तेसाठी तो मेला, त्याच सत्तेविरुद्ध तेवीस वर्षांनी त्याचा सख्खा धाकटा भाऊ लढून मेला. एकाचा पुतळा झाला आणि दुसरा पोलिसांच्या कागदात डाकू म्हणून राहिला. मग थोरल्याच्या मरणाचं काय करायचं? ते वाया गेलं म्हणायचं? की गुन्ह्यात धरायचं? की ‘त्या काळी ते बरोबर होतं’ असं म्हणून पान उलटायचं? पान उलटणाऱ्यांचा मला फार राग येतो, आणि मी स्वतः ते बऱ्याचदा केलंय.

आधी माणूस बघू.

अस्लनबेक १८९७ साली जन्मला. गाव गातिन-काले, अर्गुन नदीच्या खोऱ्यात, शातोयच्या डोंगरात. बाप झारच्या फौजेत अधिकारी. म्हंजे घर अगदी भुकेकंगाल नव्हे. पोराला थोडं लष्करी शाळेत, थोडं ग्रोझ्नीच्या शाळेत शिकता आलं. हे सांगायला हवं, कारण पुढे अशा माणसांच्या चरित्रातून बापाचा हुद्दा हळूच गायब होतो. जसा काय प्रत्येक बंडखोर थेट मातीतूनच उगवतो.

तो शिकत होता तेव्हा त्याच्या भाषेत एक वर्तमानपत्र नव्हतं. चेचेन भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र ‘सेर्लो’ निघालं १९२३ साली. सेर्लो म्हंजे उजेड. ते आधी अरबी अक्षरांत, १९२५ नंतर लॅटिन अक्षरांत. मग १९३८ साली पुन्हा हुकूम सुटला, आता रशियन अक्षरं घ्या. पंधरा वर्षांत तीन लिप्या! कालपर्यंत वाचता येणारा माणूस आज सकाळी निरक्षर. पण हे सगळं अस्लनबेक मेल्यानंतरचं. त्याच्यापुढे प्रश्न सरळ होता. बोलायचं तर रशियनमध्ये बोला, नाहीतर डोंगरात गात बसा.

त्याने दोन्ही केलं. डोंगरातली गाणी घेतली आणि रशियनमध्ये नेली. १९१८ साली चेचेन गाण्यांचं त्याचं छोटं पुस्तक निघालं. ही गाणी बहुतेक अब्रेकांची. अब्रेक म्हंजे कोण? आपल्याकडे उमाजी नाईकाला इंग्रजाच्या कागदात जे नाव होतं आणि लोकांच्या तोंडात जे नाव होतं, त्या दोन नावांच्या मधे जो माणूस उभा असतो, तो. गावातून उठलेला, डोंगरात गेलेला. सरकार म्हणतं दरोडेखोर, गाणं म्हणतं आमचा. शेरिपोवच्या लहानपणी जिवंत अब्रेक होता, खाराचोय गावचा झेलिमखान. १९१० साली त्याने किझल्यारची तिजोरी लुटली. १९१३ साली त्याला मारलं. त्याच्या नावाने गावांवर दंड बसले, माणसं तुरुंगात आणि हद्दपारीत गेली. अस्लनबेक तेव्हा सोळाचा होता.

त्याने पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि माझ्या मते त्याचं खरं काम तिथे आहे. तो अब्रेकाकडे पोलिसाच्या नजरेने बघत नाही, लोकांच्या बाजूने सूड घेणारा म्हणून बघतो. सत्ता माणसाला कोपऱ्यात रेटते, त्याला डाकू करते, आणि मग डाकू आहे म्हणून मारते. ही साखळी त्याला दिसली होती. एकविसाव्या वर्षी दिसली होती. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच त्याला पकडायचंय.

एक गंमत जाता जाता. चेचेन गाणी कागदावर उतरवणाऱ्या पहिल्या माणसांत टॉलस्टॉय आहे. तो त्या डोंगरात झारचा शिपाई म्हणून गेला होता, आणि १८५२ साली त्याने दोन गाणी आपल्या डायरीत रशियन अक्षरांत लिहून घेतली. तिथून तो बंदूक ठेवून लेखणीकडे आला. शेरिपोव उलटा गेला. टॉलस्टॉयला परत जायला घर होतं, जमीन होती, इस्टेट होती. बंदूक खाली ठेवायची सोय ज्याला असते त्याची शांतीही मोठी दिसते. मी टॉलस्टॉयला कमी लेखत नाही, ‘हाजी मुराद’ लिहिणाऱ्याला कोण कमी लेखेल? पण दोन रस्ते एकाच मैदानातून निघाले नव्हते, एवढंच.

१९१७ साली झार गेला. तेरेक नदीच्या त्या मुलखात जमिनीचा प्रश्न आधीपासून पेटलेला. डोंगरी लोकांना युद्धात हरवून सपाटीच्या चांगल्या जमिनी कोसॅकांच्या वसाहतींना दिलेल्या. ग्रोझ्नीत तेल, पण तेलाच्या पगारावर बहुतेक बाहेरून आलेले. चेचेन माणूस डोंगराच्या कपारीत एवढ्याएवढ्या तुकड्यावर मका काढणारा. बोल्शेविक म्हणाले, जमीन देतो. बाकीचे म्हणाले, बघू. अस्लनबेक कोणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

१९१८ साली तेरेक सोव्हिएतच्या सरकारात तो कमिसार झाला. लेख लिहिले, सभा घेतल्या. ऑगस्टमध्ये ग्रोझ्नीला वेढा पडला. आत गिकालो आणि तेलकामगार, बाहेर कोसॅक. ही लढाई शंभर दिवस चालली. शेरिपोवने चेचेनांची लाल फौज उभी केली आणि तो बाहेरून मदतीला आला. वेढा मोडला. १९१९ साली देनिकिनची पांढरी फौज आली आणि सगळं पुन्हा उलटं झालं. गोयती, अल्खान-युर्त अशा गावांवर फौज गेली. ज्या गावांनी लाल लोकांना आसरा दिला ती जाळली. सप्टेंबर १९१९ मध्ये वोझ्द्विझेन्स्कायाजवळ देनिकिनच्या लोकांशी लढताना अस्लनबेक मेला.

ही जागा बघा. वोझ्द्विझेन्स्काया हा रशियन किल्ला १८४४ साली अर्गुनच्या तोंडाशी बांधलेला, डोंगरी लोकांना दाबण्यासाठी. हाजी मुराद १८५१ साली रशियनांच्या हाती आला तो इथेच. म्हंजे गाणी जमवणाऱ्या पोराने त्या सगळ्या गाण्यांच्या दुश्मनाच्या किल्ल्यापाशी जीव दिला. याहून साफ मरण कुठलं? गाणं इथे संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. एक कविता लिहिली असती, वाईट.

आता पुढचं.

त्याची बाजू जिंकली. १९२० साली सोव्हिएत सत्ता आली आणि पक्की बसली. त्या वर्षीच्या शरदात सुंझा नदीकाठच्या कोसॅकांनी बंड केलं होतं म्हणून सरकारने काय केलं? बंड करणारे शोधले नाहीत. पाच वसाहती सबंध उचलल्या. म्हातारे, बायका, पोरं, सगळे. घरं डोंगरातून आलेल्यांना दिली. भुकेला माणूस डोंगरातून खाली आला, त्याला चुलीसकट घर मिळालं.

तुम्ही म्हणाल, बरोबरच झालं, ती जमीन त्यांचीच होती. होती. मी कोसॅकांसाठी रडत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तलवारीने घेतलेली जमीन गेली. मी तिथे असतो तर मीही घरात शिरलो असतो आणि पहिल्या रात्री ढाराढूर झोपलो असतो. पण एक गोष्ट तिथे झाली. एका सबंध लोकसमूहाला, त्यातल्या दुधपित्या पोरासकट, गुन्हेगार ठरवून गाडीत घालता येतं, हे त्या सत्तेने करून बघितलं. जमलं. आणि ज्यांना घरं मिळाली त्यांनी त्या हत्याराकडे नीट बघितलं नाही, कारण त्याचं तोंड दुसरीकडे होतं.

अस्लनबेक तेव्हा मेलेला होता, त्याला यात ओढू नका, असं कोणी म्हणेल. मान्य. १९२० चा हिशेब त्याच्याकडे मागणं अन्याय आहे. १९४४ चा तर त्याहून. पण अशीच एक हकालपट्टी आधीही झाली होती, ऑगस्ट १९१८ मध्ये, इंगुश लोकांच्या शेजारच्या काही कोसॅक वसाहतींची. लहान प्रमाणावर, पण हीच. तेव्हा तेरेक सोव्हिएतचं सरकार होतं आणि तो त्या सरकारात होता. हे त्याच्या डोळ्यांपुढचं आहे. एवढ्यापुरता मी त्याला उभा करतो. बाबा रे, त्याच वर्षी तू लिहिलंस की सत्ता आधी माणसाला डाकूचं नाव देते आणि मग मारते. मग तुझ्या बाजूची माणसं सबंध गावाला एकच नाव देऊ लागली, तेव्हा तुझ्या प्रस्तावनेतला माणूस कुठे होता?

हा प्रश्न मी दुसऱ्याला विचारतोय असं समजू नका. आमच्या वस्तीत एकदा एका घराला आम्ही दलाल ठरवलं. निवडणुकीचे दिवस होते, त्या घरातल्या एकाने पैसे घेतले होते, ते खरंच होतं. पण घरात सात माणसं होती. आम्ही सातही जणांशी बोलणं तोडलं. चहा बंद, नळावर जागा बंद, लग्नाचं आवतण बंद. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून हाकललं त्या आम्ही नळावरून हाकललं. महिन्याभरात ते बिऱ्हाड उठून गेलं. त्यातली म्हातारी माझ्या आईची मैत्रीण होती. आणि ते पत्रक, ज्यात ‘दलालांचं घर’ असे शब्द होते, ते मी लिहिलं होतं. स्टेन्सिलही मीच कापलं. अक्षर चांगलं आहे माझं.

तेव्हापासून बंदुकीपेक्षा मला स्टेन्सिलची जास्त भीती वाटते.

आता धाकटा भाऊ. माइरबेक शेरिपोव, जन्म १९०५. थोरला मेला तेव्हा चौदा वर्षांचा. शहीदाचा भाऊ म्हणून सोव्हिएत राज्यात वाढला, कायद्याच्या कामात गेला, सरकारी नोकऱ्या केल्या. १९३८ साली त्याला सोव्हिएतविरोधी प्रचार केला म्हणून धरलं. १९३९ साली पुरावा नाही म्हणून सोडलं. त्या दोन-तीन वर्षांत चेचेन शिकलेला माणूस म्हणून जो कोणी होता तो जवळजवळ सगळा आत गेला. चेचेन कथा-कादंबरीचा पाया घालणारा सैद बादुएव १९३७ मध्ये गेला तो परत आलाच नाही. माइरबेक परत आला. १९४१ च्या शरदात तो डोंगरात उतरला, आणि १९४२ मध्ये शातोय आणि इतुम-काले भागात बंड उठलं. म्हंजे थोरल्याच्या जन्मगावच्या आसपासच. नोव्हेंबर १९४२ मध्ये तो मारला गेला.

त्याच्याबद्दल आपल्याला कोण सांगतं? एक, सोव्हिएत गुप्त पोलिसांचे अहवाल. ते म्हणतात डाकू, जर्मनांचा हस्तक. दोन, अव्तोरखानोव, जो स्वतः चेचेन, कम्युनिस्ट पक्षाचा इतिहासकार, स्वतः तुरुंग भोगलेला, मग जर्मनांच्या बाजूला गेलेला आणि पुढे म्युनिकमध्ये बसून लिहिणारा. तो म्हणतो स्वातंत्र्यवीर. एकाला मारल्याचं समर्थन करायचंय, दुसऱ्याला जगल्याचं. माइरबेकचं स्वतःचं म्हणणं आपल्यापाशी नाही. म्हणून मी त्याला ना वीर म्हणत, ना हस्तक. पण एक गोष्ट कागदाबाहेरची आहे. अस्लनबेकच्या पुस्तकात जो माणूस होता, तो माइरबेक झाला. थोरल्याने ज्याचं गाणं लिहून घेतलं, धाकटा तोच झाला. आणि तो ज्या राज्यात झाला ते थोरल्याने आणलेलं राज्य होतं.

२३ फेब्रुवारी १९४४. लाल सैन्याचा दिवस. गावागावात पुरुषांना सभेला बोलावलं. सभा कसली, बाहेर शिपाई. अमेरिकेकडून युद्धासाठी आलेल्या स्टुडबेकर ट्रकांत माणसं भरली आणि रेल्वेच्या मालडब्यांत घातली. चेचेन आणि इंगुश मिळून जवळजवळ पाच लाख. कझाकस्तान, किर्गिझिया. आरोप काय? शत्रूला मिळाले. शत्रू म्हंजे जर्मन, तो त्या प्रजासत्ताकाच्या वायव्य टोकाला माल्गोबेकपर्यंत कसाबसा पोचला होता. शातोयच्या डोंगराने जर्मन फौज पाहिलीच नाही. आघाडीवर लाल सैन्यात लढणारे चेचेनही काढून पाठवले. पक्षाचे सभासद पाठवले. ज्यांनी १९१९ साली लाल फौजेला घरात लपवलं होतं, ते म्हातारे झाले होते, त्यांनाही पाठवलं. ग्रोझ्नीत चेचेन पुस्तकं जाळली. कबरींचे दगड उचलून रस्त्याला आणि बांधकामाला लावले.

बंडामुळे हे झालं असं म्हणणारे आहेत. माइरबेक आणि त्याच्यासारख्यांनी बंदूक घेतली नसती तर लोक वाचले असते म्हणे. या युक्तिवादाची मला चीड आहे. कोण्या एकाने डोंगरात गोळी झाडली म्हणून कुठल्यातरी पाळण्यातल्या पोराला मालडब्यात घालायचं, हे ज्याने ठरवलं त्याचं नाव माहीत असताना आपण मेलेल्या बंडखोराची कॉलर धरतो. सोपी पडते ती. जाब विचारायचा तर हुकमावर सही करणाऱ्याला.

मग मी अस्लनबेकला तरी का विचारतो? कारण तो लिहिणारा होता. बंदूक घेतली म्हणून नव्हे. गावं जळत असताना बावीस वर्षांच्या पोराने बंदूक घेतली यात विचारण्यासारखं काही नाही, न घेणाऱ्यांना विचारा. लेखक लढायला जातो तेव्हा त्याने लेखणी टाकली असं आपण म्हणतो, ते मला खोटं वाटतं. तो लेख आणि भाषणं लिहीतच होता. लेखणी टाकली नव्हती, तिचं तोंड फक्त एकाच दिशेला लावलं होतं. समोरच्याचा खोटेपणा तिला दिसत होता. बगलेतला दिसत होता का? की दिसत होता आणि लढाई चालू आहे, आत्ता नको, असं म्हटलं? लढाई चालू असताना ‘आत्ता नको’ हे नेहमीच खरं वाटतं. आम्हीही म्हणालो होतो. निवडणूक होऊन जाऊ दे, मग त्या घराकडे बघू.

तो जगला असता तर? १९३७ मध्ये तो चाळीस वर्षांचा असता. त्या साली त्याच्यासारख्यांचं काय झालं ते बघून हिशेब करा. त्या स्मारकातला त्याचा शेजारी गिकालो, ग्रोझ्नी लढवलेला, आयुष्यभर पक्षात राहिलेला, त्याला १९३८ साली त्याच सत्तेने गोळी घातली. मग सत्ता उदार झाली आणि दोघांनाही दगडात बसवलं. मेलेला क्रांतिकारक फार सोयीचा असतो. तो सभेत मधेच उठून उभा राहत नाही.

चेचेन लोक १९५७ पासून परत येऊ लागले. आपल्याच घरांत दुसरी माणसं राहत होती. काहींनी आपली घरं विकत घेतली. डोंगराच्या वरच्या भागात तर सरकारने पुन्हा राहूच दिलं नाही. मग १९७३ साली स्मारक आलं, आणि लोकांनी त्याखालून ये-जा केली. तोपर्यंत अस्लनबेकची भाषणं आणि लेख पुस्तकरूपाने ग्रोझ्नीतच छापून निघाले होते. झेलिमखान अब्रेकावर कादंबरी लिहायलाही मुभा होती, १९६८ साली मागोमेद मामाकाएवने लिहिली, स्वतः छावण्यांत वर्षं काढून आलेल्या माणसाने. झारच्या काळचा अब्रेक वीर, सोव्हिएत काळचा अब्रेक डाकू. दोघांमधला फरक पंचांगाचा.

कारण सोव्हिएत काळचा एक अब्रेक तेव्हाही जिवंत होता. खासुखा मागोमादोव नाव त्याचं. १९०५ चा, माइरबेकच्याच वयाचा. लोक गेले, आले, तो डोंगरातच राहिला. त्याने माणसंही मारली होती, तो संत नव्हता. लोक त्याला भाकरी देत आणि कोणाला सांगत नसत. मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी त्याला घेरून मारला. सत्तरी उलटलेला म्हातारा, अंगात रोग, वजन पोराएवढं राहिलेलं. ग्रोझ्नीत दगडी शेरिपोव उभा राहून तीन वर्षं झाली होती. खासुखाचं गाव गातिन-काले.